हिमोग्लोबिन सातवर असताना लोहाचे औषध का थांबवले?

सातपुडा_धारणी
मी मेळघाटात, धारणी तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. गेल्या आठवड्यात आमच्या एका पाड्यावरची बावीस महिन्यांची मुलगी पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केली. वजन ६.४ किलो, दंडघेर १०.९ सेंमी, म्हणजे फीत सरळ तीव्र कुपोषणाच्या लाल पट्ट्यात. दोन्ही पावलांवर सूज होती. अंगठ्याने दाबले की खळगा पडायचा आणि बोट काढल्यावरही तो बराच वेळ तसाच राहायचा. पोटऱ्यांवरची कातडी जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखी सुटत होती. आईला दुसरे बाळ झाल्यापासून ही मुलगी आजीकडेच असते, आणि आजी तिला मक्याची पेज पाजते. ती पेज इतकी पातळ, की त्यातून वाटीचा तळ दिसावा.

हिमोग्लोबिन ७.१ आले. आम्ही अंगणवाडीत सगळ्यांना ‘रक्त वाढवायचे तर लोह’ असे शिकवतो. आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध ठरल्याप्रमाणे मीच तिला पाजून घेत होते. केंद्रातल्या डॉक्टरांनी मात्र पहिल्याच दिवशी ते बंद केले आणि सांगितले, की आधी आहार, लोह नंतर. आजीने ती बाटली कमरेच्या पिशवीत जपून ठेवली आहे आणि रोज मला विचारते, “ताई, रक्ताचे औषध कधी सुरू करणार?” तिला द्यायला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. इतके दिवस लोह देऊनही रक्त का वाढले नाही, आणि रक्त इतके कमी असताना ते थांबवायचे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

वऱ्हाडी
माझ्या भाच्यालाही असेच केले होते. कारण कोणी सांगितले नाही. उत्तराच्या प्रतीक्षेत.

सूक्ष्मदर्शक
ताई, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पंचवीस वर्षे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यातच गेली.

‘रक्त म्हणजे लोह’ हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे, की रक्त मुळात प्रथिनांचे असते हे आपण विसरतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे अणू फक्त चार असतात आणि त्या चारांना धरून ठेवणाऱ्या साखळ्यांत अमिनो आम्ले असतात ५७४. असे सुमारे २७ कोटी रेणू एका तांबड्या पेशीत मावतात. निरोगी प्रौढाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्त तयार करणारा मगज, दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार करते आणि त्यासाठी दिवसाला सहा ग्रॅमच्या आसपास नवे हिमोग्लोबिन घडवावे लागते. जुन्या पेशी मोडल्यावर त्यांतले लोह शरीर जवळजवळ सगळे परत वापरते. प्रथिनांचे तसे नाही. सुटलेल्या अमिनो आम्लांवर स्नायू, यकृत, आतडे, त्वचा असे सगळेच हक्क सांगतात, आणि उपाशी शरीरात त्यांतली बरीचशी इंधन म्हणून जळून जातात.

पण कच्चा माल कमी पडतो एवढेच कारण नाही. प्रथिनांच्या उपासमारीत शरीर स्वतःच उत्पादन आवरते घेते. तांबड्या पेशी बनवण्याचा हुकूम मूत्रपिंडातून सुटतो, एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या रूपाने. मुलाचे स्नायू झिजले, हालचाल थांबली, की शरीराची प्राणवायूची गरज घटते. गरज घटली की हुकूमही कमी सुटतो. म्हणून अशा मुलांचे हिमोग्लोबिन बहुधा ८ ते १० च्या आसपास येऊन थांबते आणि काचेवर पेशी आकाराने व रंगाने जवळजवळ सामान्य दिसतात. निव्वळ लोहाच्या कमतरतेतल्या पेशी लहान आणि फिकट असतात. तुमच्या मुलीचे हिमोग्लोबिन त्याहूनही खाली आहे, म्हणजे तिच्यात जंतुसंसर्ग, जंत किंवा लोहाची खरी कमतरता यांपैकी काहीतरी सोबत असण्याची शक्यता मोठी आहे.

याच्या आत आणखी एक थर आहे. साओ पावलो विद्यापीठातील संशोधकांच्या एका गटाने उंदरांना प्रथिने कमी असलेला आहार देऊन त्यांच्या अस्थिमज्जेचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मज्जेतल्या पेशींची संख्या तर घटतेच, शिवाय ज्या मूळ पेशींनी विभागून नवे रक्त तयार करायचे, त्या विभाजनाच्या आधीच्या टप्प्यावर अडून राहतात. त्या ज्या जाळीदार आधारावर वाढतात, त्या आधाराची घडणही बदलते. बी चांगले असूनही जमीन कसदार नसेल तर पीक उभे राहत नाही, तसेच हे आहे.

लोह का थांबवले, ते उद्या लिहितो. आत्ता रुग्णालयात जायचे आहे.

नाचणी
डॉक्टर येईपर्यंत लोहाबद्दल मी लिहिते. मी आहारतज्ज्ञ असून अशाच एका केंद्रात सहा वर्षे काम केले आहे.

लोह रक्तातून वाहून नेणारे ट्रान्सफेरिन हेही एक प्रथिनच असून ते यकृतात तयार होते. तीव्र कुपोषणात ते फार घटते. वाहकच नसताना लोह ओतले तर ते मोकळे फिरते, पेशींना इजा करते आणि जंतूंच्या वाढीलाही उपयोगी पडते. बहुतेक मुले जंतुसंसर्ग घेऊनच दाखल होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या, स्थिरावण्याच्या टप्प्यात लोह देत नाहीत. मुलाची भूक परतली आणि वजन वाढू लागले की मग दर किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅम या हिशेबाने सुरू करतात. फोलिक आम्ल मात्र पहिल्याच दिवशी ५ मिलिग्रॅम देतात.

आणखी एक गोष्ट आजींना आणि आपल्या सेविकांनाही चमत्कारिक वाटेल. मुलाला प्रथिने कमी पडली आहेत हे माहीत असूनही पहिल्या दिवसांत आम्ही त्याला प्रथिने जपूनच देतो. सुरुवातीच्या एफ-७५ या दुधात १०० मिलिलिटरमागे प्रथिने एक ग्रॅमपेक्षाही कमी असतात. नंतरच्या एफ-१०० मध्ये ती तीन ग्रॅमच्या जवळ जातात. यकृत आणि मूत्रपिंडे सावरलेली नसताना भरपूर प्रथिने दिली तर मूल दगावू शकते. प्रेमापोटी गुपचूप भरवलेल्या अंड्याने रात्रीत बिघडलेले मूल मी पाहिले आहे, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

जिज्ञासू_सांगली
मग सरळ रक्त का चढवत नाहीत? ७.१ हे फार कमी वाटते.

नाचणी
या मुलांचे हृदयही झिजलेले असते. बाहेरचे रक्त भरभर गेले तर ते निकामी होते. हिमोग्लोबिन ४ च्या खाली गेले, किंवा ४ ते ६ असताना श्वास लागला, तरच रक्त देतात. तेही दर किलोमागे १० मिलिलिटर, तीन तासांत, अगदी हळूहळू.

कृष्णाकाठ
वरील चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण मला एका मुद्द्यावर मतभेद नोंदवायचा आहे. मी सार्वजनिक आरोग्य क्षेत्रात काम करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. ही सगळी मुले प्रथिनांच्या अभावाने तशी झालेली नाहीत. हा धागा वाचून एखाद्या आईने लोहाचे औषध बंद केले तर त्याचा दोष कोणाचा? शिवाय मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, हिवताप आहे, जंत आहेत. प्रत्येक पांढऱ्या पडलेल्या मुलाला ‘प्रथिने कमी’ असे म्हणणे हीसुद्धा एक घाईच आहे.

सूक्ष्मदर्शक
कृष्णाकाठ यांचा इशारा योग्य आहे आणि तो मी ठळकपणे पुन्हा लिहितो: ज्या मुलाला सूज नाही, जे तीव्र कुपोषित नाही, त्याचे लोहाचे औषध कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. हा धागा तीव्र कुपोषित मुलांच्या उपचारातल्या पहिल्या काही दिवसांपुरता आहे.

मात्र आकड्यांबद्दल एक भर घालतो. त्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर चाचणी झाली होती. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले होते. त्यात एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला आणि ३२ टक्के मुलांत लोहाची कमतरता. रक्तक्षय असलेल्या सगळ्याच मुलांत लोह कमी नव्हते. लोह पुरेसे असूनही रक्त कमी का, या प्रश्नाच्या उत्तरात जंतुसंसर्ग येतो, ब-१२ आणि फोलिक आम्ल येते, सिकलसेल आणि थॅलेसेमिया येतो, आणि प्रथिनेही येतात. त्या बालिकेची सिकलसेल चाचणी झाली नसेल, तर ताई, ती अवश्य करून घ्या.

आता पांढऱ्या पेशींबद्दल, कारण मुले दगावतात ती बहुधा तिथे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे तिची तूट हळूहळू दिसते. न्यूट्रोफिल ही जंतूंवर पहिली तुटून पडणारी पेशी मात्र रक्तात काही तासच राहते आणि मज्जेला ती रोज अब्जावधींनी नव्याने बनवावी लागते. प्रथिनांअभावी मज्जेतला तिचा राखीव साठा आटतो. अहवालात एकूण आकडा ठीक दिसू शकतो, पण न्यूमोनिया झाल्यावर तो जसा उसळायला हवा तसा उसळत नाही. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी, जिथे टी-लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशी तयार होतात, ती तर इतकी आक्रसते की शवविच्छेदनात शोधावी लागते. अशा मुलाला ताप येत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, ते फक्त गप्प पडून राहते आणि अंग गार पडते. ‘ताप नाही, म्हणजे बरे आहे’ असे त्याच्या बाबतीत कधीही समजू नये. याच कारणाने अशा मुलांना संसर्गाची चिन्हे नसतानाही प्रतिजैविक देतात.

परळकर
फोलिक आम्लाचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण त्या कथेचे मूळ आमच्या परळात आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत त्यांनी गरोदर स्त्रियांच्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. त्यात गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रिया होत्या. त्यांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. विल्स केवळ काचांवर थांबल्या नाहीत. या बायका खातात काय, हे त्यांनी तपासले आणि माकडांना तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिला. माकडेही रक्तक्षयी झाली आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, बरी झाली. स्त्रियाही बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक म्हणजेच फोलिक आम्ल. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढल्यावर त्याला नाव मिळाले.

आईला दुसरे बाळ झाले आणि ही मुलगी आजीकडे गेली, हे ताईंचे वाक्य वाचून मला दुसऱ्या एक डॉक्टर आठवल्या. सिसिली विल्यम्स यांनी गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, १९३३ साली या सूज येणाऱ्या आजाराचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये तिथल्या गा भाषेतला ‘क्वाशिओरकोर’ हा शब्द वैद्यकात आणला. दुसरे बाळ आले की अंगावरून सुटलेल्या पहिल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. तिथल्या अक्रा शहरातल्या आयांनी निदान डॉक्टरांच्या आधीच केले होते.

नाचणी
परळकर, फार छान लिहिलेत. एक जोड देते. क्वाशिओरकोर म्हणजे निव्वळ प्रथिनांचा अभाव, हे समीकरण भारतातच आव्हानित झाले. पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी दाखवून दिले, की सूज आलेली मुले आणि नुसतीच वाळलेली मुले यांच्या आहारात तसा ठळक फरक सापडत नाही. दोघांनाही प्रथिनेही कमी मिळतात आणि एकूण अन्नही. अन्नच अपुरे असेल तर खाल्लेली डाळसुद्धा इंधन म्हणून जळते आणि रक्ताला उरत नाही. म्हणून नुसते ‘डाळ द्या’ हे पुरेसे नाही. भाकरी, डाळ आणि वर चमचाभर तेल, असे तिन्ही सांगावे लागते.

एक_आई_पुणे
मी या विषयातली तज्ज्ञ नाही. तरी लिहिते, कारण हे फक्त पाड्यावर होते असे आम्हाला वाटत होते. माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने जाड होण्याच्या भीतीने वर्षभर जेवण जवळजवळ सोडले. वजन ३४ किलोवर आले. पांढऱ्या पेशी २,३०० आणि हिमोग्लोबिन ९. एका ठिकाणी आम्हाला रक्ताच्या कर्करोगाची शंका सांगण्यात आली आणि ते चार दिवस आम्ही कसे काढले, ते शब्दांत सांगता येत नाही. अस्थिमज्जेच्या तपासणीत कर्करोग नव्हता. मज्जेतली चरबी नाहीशी होऊन तिथे जेलीसारखा पदार्थ साचला होता आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी विरळ झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हे उपासमारीचे आहे आणि अन्नानेच भरून येईल. मानसोपचार आणि नियमित आहार सुरू झाल्यावर पाच महिन्यांनी तिचे सगळे आकडे जागेवर आले.

सूक्ष्मदर्शक
ताई, तुमचा अनुभव लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तो जेलीसारखा पदार्थ मुख्यतः हायल्युरॉनिक आम्लाचा असतो आणि तो पुन्हा नाहीसा होतो, हेच या आजारातले सर्वांत आशादायक वैशिष्ट्य आहे.

इतिहासाचे_पान
या विषयावरचा एक अभ्यास विसरता येत नाही. १९४२ च्या फेब्रुवारीत पोलंडमधल्या वॉर्सा शहरात नाझींनी बंदिस्त वस्तीत कोंडलेल्या ज्यू डॉक्टरांनी स्वतः उपाशी असताना आपल्या उपाशी रुग्णांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला. त्यात रक्त आणि अस्थिमज्जा यांच्यावर स्वतंत्र काम होते. क्षयरोग सर्वत्र असूनही तो ओळखण्याची त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी बहुधा नकारात्मक येई, म्हणजे सूक्ष्मदर्शक म्हणतात तसे शरीराने प्रतिकार करणेच सोडले होते. जुलैत हद्दपारी सुरू झाली आणि काम थांबले. हस्तलिखित बाहेर पोहोचवले गेले आणि १९४६ मध्ये छापले गेले. ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोवर मारले गेले होते.

वऱ्हाडी
हे वाचून बराच वेळ काही लिहवले नाही.

सातपुडा_धारणी
सर्वांचे आभार. एक काळजी आहे. आज नववा दिवस. सूज उतरते आहे, मुलगी चमचा हातात धरते, पण हिमोग्लोबिन ७.१ वरून ६.६ झाले आणि वजनही ६.४ वरून ६.१ वर आले. आजी म्हणते, घरी होती तेव्हा बरी होती, आणि घरी नेण्याचा हट्ट धरते आहे. सिकलसेल चाचणी नकारात्मक आली.

सूक्ष्मदर्शक
ताई, आजींना कृपया थांबवा. वजन घटले ते सुजेचे पाणी गेल्यामुळे. हिमोग्लोबिनबद्दल असे सांगा: डाळीत पाणी वाढवले की डाळ पातळ दिसते, पण तिच्यातली डाळ कमी झालेली नसते. अन्न मिळू लागले की रक्तातला द्रवभाग आधी वाढतो, पेशी मागाहून येतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात आकडा थोडा खाली येणे अपेक्षितच असते. श्वास लागत नाही ना, एवढे मात्र डॉक्टरांनी पाहत राहावे.

शक्य असेल तर रेटिक्युलोसाइट मोजायला सांगा. त्या मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. त्या वाढलेल्या दिसल्या की मज्जा जागी झाली असे समजावे. आणि नेमका तोच लोहाचा क्षण असतो. निजलेल्या मज्जेला लोह नको होते, जाग्या झालेल्या मज्जेला ते भरपूर लागेल. त्या वेळी दिले नाही तर इतके दिवस झाकलेली लोहाची आणि फोलिक आम्लाची तूट उघडी पडेल आणि रक्त पुन्हा अडेल.

कृष्णाकाठ
सहमत. माझा आक्षेप होता तो सरसकटपणाला. इथे लोह नाकारलेले नाही, त्याची वेळ ठरवली आहे. सेविकांच्या प्रशिक्षणात हे वाक्य जसेच्या तसे यायला हवे.

सातपुडा_धारणी
उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. पावसामुळे आमच्याकडे आठ दिवस नेटवर्क नव्हते.

डाळीत वाढवलेल्या पाण्याचा दाखला आजीला लगेच पटला. ती थांबली. बाराव्या दिवशी रेटिक्युलोसाइट वाढलेल्या आल्या, वजनही चढू लागले आणि डॉक्टरांनी लोह सुरू करायला सांगितले. मी ते आजीला सांगितले, तेव्हा तिने काही न बोलता कमरेच्या पिशवीतून बाटली काढून परिचारिकेपुढे धरली. ती उघडलेली बाटली चालणार नव्हती, म्हणून परिचारिकेने नवी दिली. आजीने दोन्ही पिशवीत ठेवल्या.

काल महिना झाल्यावरची तपासणी होती. हिमोग्लोबिन ८.४, वजन ७ किलो. परतताना आजीने नातीचे पाऊल माझ्या मांडीवर ठेवले, घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलून मला दाखवला. खळगा पडला नाही. आता पेज सोडून तिला घरी काय आणि किती द्यायचे, ते नाचणीताईंनी आमच्या कोरकू आदिवासी घरात मिळणाऱ्या वस्तूंतून सांगावे. ज्वारी, मका, कुटकी, तूर आणि नदीचे लहान मासे एवढे आमच्याकडे आहे, आणि अंगणवाडीतली अंडी.